मागच्या चाकाची वाट

बोरणे घाटातल्या त्या वळणावर आम्ही पाऊण तास उभे होतो. सज्जनगडाचा फाटा मागे पडला होता, ठोसेघर अजून वर होतं. पुढे दोनतीन जीप, एक दुधाची गाडी, आणि त्यांच्या पुढे सगळा रस्ता व्यापून पवनचक्कीचं एक पातं. चाळकेवाडीच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यामुळे या रस्त्यावरच्या माणसांना पात्यांचं नवल नाही. मला होतं. पठारावर गरगरणारं पातं लांबून नाजूक दिसतं. तेच गाडीवर आडवं झालं की संपता संपत नाही.

शेजारी आबा होते. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली एकतीस वर्षं एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेली. ते काठी टेकत खाली उतरले, वळणापर्यंत चालत गेले, डोंगराची बाजू बघितली, दरीची बाजू बघितली आणि परत येऊन म्हणाले, "ह्या वळणावर हे वळायचं न्हाय, ताई. पुढलं वळंल. मागलं डोंगरात घुसंल."

आबांचा वळणांबाबतचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी पुढचा पुलर, म्हणजे ओझं ओढणारा ट्रक, हळूहळू वर सरकला, पातं डोंगराला घासणार असं वाटेपर्यंत जवळ आलं, आणि तेवढ्यात गाडीच्या अगदी शेवटची चाकं आपणहून वळली. पुढच्या चाकांच्या उलट दिशेला. पात्याची शेपटी डोंगरापासून सुटून बाहेर, दरीकडे सरकली. टोक तर दरीवरच्या मोकळ्या हवेतून फिरलं. मागून एक विशी-बाविशीचा मुलगा चालत होता. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पेटी, पेटीवर दांडी, आणि दांडीवर अंगठा. त्याची नजर एकदाही पुढे गेली नाही. तो फक्त शेवटच्या चाकांकडे आणि डांबराच्या कडेकडे बघत होता.

आबा त्याच्याजवळ गेले. "मागली चाकं तू वळवतोस?"

"व्हय आजोबा. पुढचा पुढचं बघतो, मागचं माझ्याकडं."

आबा यावर काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवरही बराच वेळ बोलले नाहीत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्या पाऊण तासात घडलेलं सगळं मला समीकरणांत मांडता आलं असतं. पण आबा कशाने गप्प झाले ते मला माहीत होतं, आणि ते समीकरणात नव्हतं.

मी सातवीत असतानाची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी आबांची गाडी पेठेतून डावीकडे वळत होती. पुढचं चाक व्यवस्थित निघालं. मागचं चाक कोपऱ्यावरच्या दगडाला घासून आत आलं आणि तिथे सायकल धरून उभ्या असलेल्या एका मुलाची सायकल त्याच्याखाली गेली. मुलगा उडी मारून मागे सरला म्हणून वाचला. आबांनी त्या महिन्याच्या पगारातून त्याला सायकल घेऊन दिली, पण घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. "पोरगं माझ्या पुढल्या चाकापासनं चांगलं लांब हुतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचे. नंतर डेपोत नवा ड्रायव्हर हाताखाली आला की त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: गाडी पुढं बघून चालवायची, वळवायची मागलं चाक बघून.

पुढचं चाक लांब असूनही मागचं चाक आत का येतं? याचं उत्तर पावसाळ्यात कोणत्याही शेताच्या बांधावर लिहिलेलं असतं. ओल्या मातीतून सायकल वळत गेली की दोन रेघा उमटतात. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते, मागच्याची आतून, कोपरा कापत. मागचं चाक पुढच्याच्या मागे जातं असं आपण म्हणतो, पण ते पुढच्याच्या वाटेवरून जात नाही. ते फक्त पुढच्याच्या दिशेने ओढलं जातं, आणि ओढलेली वस्तू नेहमी जवळची वाट धरते.

वर्गात मी हे तिवड्यावरून समजावते. आता मळणी यंत्रावर होते, त्यामुळे बऱ्याच मुलांना तिवडा ठाऊक नसतो. तो आधी सांगावा लागतो. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब म्हणजे तिवडा. त्याला बांधलेल्या बैलांची पात कणसं तुडवत त्याच्याभोवती फिरते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेचा बैल जवळजवळ पळतो, आणि प्रत्येकाचं तोंड तिवड्याशी जोडणाऱ्या दोरीला काटकोनात असतं. वळणारी कोणतीही गाडी घ्या, त्या क्षणी ती अशाच एका अदृश्य तिवड्याभोवती फिरत असते. तिचं प्रत्येक चाक तिवड्याशी काटकोन साधायला बघतं. साधला तर चाक लोळतं, नाही साधला तर घासतं.

म्युनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने हे ओळखलं. चार चाकी बग्गीचा सबंध पुढचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, मधल्या खिळीवर फिरवण्याऐवजी त्याने दोन्ही पुढची चाकं वेगवेगळ्या खिळ्यांवर बसवली आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळेल अशी जोडणी केली. इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये त्याच्या वतीने रूडॉल्फ ॲकरमन यांनी घेतलं, आणि तेव्हापासून या रचनेला नाव लागलं ते ॲकरमनचं. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना हीच कल्पना सुचली होती. ते डॉक्टर होते, रोग्यांकडे खडबडीत रस्त्यांनी बग्गीतून जायचे. पेटंट काही त्यांनी घेतलं नाही.

या रचनेत एक गोष्ट मात्र बांधलेली राहते. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून त्यांच्याशी काटकोन साधणारी रेषा एकच: मागच्या आसाची, दोन्हीकडे लांबवलेली. ड्रायव्हर स्टिअरिंग कितीही फिरवो, तिवडा या रेषेवरच जवळ-दूर सरकतो. रेषा सोडून तो हलू शकत नाही.

आकडे घालून बघू. पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेली बस धरा. पुढची चाकं सरासरी ४० अंश वळवली, म्हणजे जवळजवळ पूर्ण कट मारला. तिवडा मागच्या आसाच्या मध्यापासून ७.१५ मीटरवर येतो. पुढच्या आसाचा मध्य त्याच तिवड्यापासून ९.३३ मीटरवर असतो. फरक २.१८ मीटर. बस असंच वळत राहिली तर मागचं चाक पुढच्यापेक्षा दोन मीटरांहून जास्त आतून जातं. एक मोटरसायकल आणि तिच्यावर बसलेली दोन माणसं मावतील एवढी ही जागा आहे. पुढचं चाक सुरक्षित अंतरावरून गेलं म्हणून निर्धास्त झालेली माणसं नेमकी तिथेच उभी असतात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. पहिली ट्रॉली आत येते, दुसरी तिच्याहून आत. सिग्नलला अवजड गाडीच्या डाव्या कुशीत दुचाकी घुसवणाऱ्या प्रत्येक मुलाला मला थांबवून सायकलच्या त्या दोन रेघा दाखवाव्याशा वाटतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी दरवर्षी दाखवते, मैदानावर नेऊन, पाणी शिंपडून.

आता मागची चाकंही वळू द्या. त्याच बसची मागची चाकं पुढच्यांच्या उलट, तीही ४० अंश. तिवडा मागच्या आसाची रेषा सोडतो आणि बसच्या बरोबर मध्यासमोर येऊन उभा राहतो. पुढचा आस त्याच्यापासून ४.६७ मीटरवर, मागचा आसही ४.६७ मीटरवर. वळण निम्म्यावर आलं, आणि आत येणं शून्य झालं. मातीत दोन रेघा उमटणार नाहीत, एकच उमटेल.

मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हे, तिवड्याची ही सुटका. मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळवली की तिवडा दोन्ही आसांच्या मध्ये येतो. सगळी चाकं एकाच दिशेला सारखीच वळवली की त्यांच्या काटकोनातल्या रेषा समांतर होतात, कुठेच मिळत नाहीत. तिवडा अनंतात गेलेला असतो आणि गाडी न फिरता तिरपी सरकते, खेकड्यासारखी. बांधकामावर चारही चाकं वळणारी मोठी जेसीबी अशी तिरपी चालताना दिसली तर जरा थांबून बघा. आणि हो, याचा फोर व्हील ड्राइव्हशी संबंध नाही; तिथे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, इथे चारही चाकांना दिशा मिळते.

मग सगळ्या बस अशा का नाहीत? एक कारण शेपटी. बसचा मागचा आस शेवटी नसतो. त्याच्या मागे अडीच-तीन मीटर अंग बाहेर असतं. साध्या बसमध्येही वळताना ते थोडं बाहेर फेकलं जातं. वरच्या बसला तीन मीटरची शेपटी आणि अडीच मीटरची रुंदी धरली तर बाहेरचा मागचा कोपरा बाजूच्या रेषेपेक्षा जेमतेम अर्धा मीटर बाहेरून फिरतो. मागची चाकंही ४० अंश उलट वळवली तर तोच कोपरा पावणेतीन मीटरच्याही पुढे बाहेर जाईल. बसथांब्याला खेटून उभी असलेली बस निघताना तिची शेपटी थांब्यावरच्या माणसांवर येईल. आतल्या बाजूचा धोका टाळायला गेलो आणि तो बाहेरच्या बाजूला उभा केला. म्हणून मागची चाकं वळवायची तर थोडी. दहाच अंश वळवली तरी पुढच्या आसाचं वळण ९.३३ वरून ७.७१ मीटरवर येतं आणि आत येणं २.१८ वरून १.७१ वर. थोडक्यात पुष्कळ मिळतं.

आस दोनाचे तीन झाले की मागच्या चाकांना दिशा देणं ही चैन राहत नाही. नाक्यावर दहा टायरी डंपर जागेवर वळताना बघा. मागचे दोन आस एकमेकांना समांतर, दोघांच्या रेषा कधीच मिळणार नाहीत, मग दोघांना एकच तिवडा मिळणार कसा? चाकं घासतात. टायर कण्हतात, डांबरावर काळे फराटे उठतात, उन्हाळ्यात तर खडी उपसून येते. लांब पल्ल्याच्या तीन आसांच्या बसगाड्यांत म्हणूनच पुष्कळदा शेवटचा आस वळता ठेवतात. पुढच्या वेळी स्टँडवर अशी गाडी वळताना तिच्या शेवटच्या चाकाकडे लक्ष द्या, ते पुढच्याच्या उलट थोडंसं मान वळवतं.

आणि आस दहा, वीस झाले तर? जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक अवजड यंत्र तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे निघालं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे एक प्रचंड भट्टी. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर. ७४ चाकांची गाडी, सोबत तीसेक माणसं. एरवी ट्रकला आठवडाही लागत नाही त्या वाटेला या गाडीला एक वर्षाहून थोडा जास्त काळ लागला. जुलै २०२० मध्ये ती पोहोचली. मध्ये टाळेबंदी आली, पण त्याआधीही ती दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर चालत होती. वाटेत विजेच्या तारा काढाव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या. ही बातमी आबांनी मला पेपरातून वाचून दाखवली होती. त्यांना त्या माणसांची काळजी होती. वर्षभर रस्त्यावर जेवण कुठलं, झोप कुठली.

अशी ओझी वाहण्यासाठी जे हायड्रॉलिक ट्रेलर बनतात त्यांत प्रत्येक आसाची चाकं वळतात, आणि प्रत्येकाची वेगळ्या कोनात. दीड-दीड मीटरवर दहा आस आहेत, तिवडा ट्रेलरच्या मध्यासमोर १५ मीटरवर आहे असं धरा. मध्याजवळच्या आसाला जेमतेम ३ अंश वळायचं. त्यापुढच्याला साडेआठ, मग १४, मग १९ च्या थोडं पुढे, आणि टोकाच्याला २४. मागच्या अर्ध्यात हेच कोन उलट दिशेने. शिवाय टोकाच्या आसाच्याही आतल्या चाकाला पावणेसव्वीस आणि बाहेरच्याला तेवीस, कारण आतलं चाक तिवड्याच्या जवळ. एवढी चाकं, प्रत्येकाचं तोंड वेगळं, आणि सगळ्यांच्या काटकोनातल्या रेषा एका बिंदूत. हे आधी लोखंडी दांड्यांच्या जोडणीने साधत, मग तेलाच्या दाबाने, आणि स्वतःच्या ताकदीवर चालणाऱ्या नव्या वाहकांत संगणकाने. ते वाहक तिवडा स्वतःच्या पोटाखालीही आणू शकतात, म्हणजे जागच्या जागी गोल फिरतात. मळणीची अख्खी पात एका तिवड्याला बांधलेली असते, तसंच हे. फरक एवढाच की तिवडा इथे दर क्षणाला जागा बदलतो आणि प्रत्येक बैलाला ते कळवावं लागतं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिससारख्या शहरांत अग्निशमन दलाच्या लांब शिडीच्या काही गाड्यांना मागे वेगळा चालक असतो, त्याच्यासमोर वेगळं स्टिअरिंग. पुढचा रस्ता शोधतो, मागचा शेपटी सांभाळतो. बोरणे घाटातला तो मुलगा हेच काम करत होता, पायी चालत.

इथपर्यंतचं सगळं हळू चालणाऱ्या गाडीचं. पुढे जे येतं ते समजून घ्यायला मला स्वतःला फार वर्षं लागली. मागची चाकं वळवणाऱ्या गाड्यांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एक गोष्ट पटेना. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, आणि जास्त वेगात पुढच्यांच्याच दिशेला. एकच यंत्र दोन विरुद्ध गोष्टी का करतं? उत्तर देताना मी वर्षानुवर्षं मुलांना दोन वेगळी कारणं सांगायचे: कमी वेगात जागा वाचवायला, जास्त वेगात स्थिरतेला. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

टायर रबराचा असतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. हळू जाताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला जातो. वेगात वळताना तसं होत नाही. १६ टनांची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल तर तिला आत वळतं ठेवायला सुमारे ३२,००० न्यूटन बल लागतं, म्हणजे तीन टनांच्या ओझ्याहून थोडं जास्त. हे बल टायरच देतात, आणि ते देण्यासाठी टायरला वाकावं लागतं. वाकला की तो तोंड एकीकडे करून किंचित दुसरीकडे, तिरपा जातो. याला स्लिप अँगल म्हणतात. घसरणं नाही हे. पकड असतानाच, रबराच्या लवचिकपणामुळे होणारं तिरपं चालणं. बल जास्त, तर तिरपेपणा जास्त. वेग दुप्पट झाला की त्याच वळणाला चौपट बल लागतं.

आता मागच्या चाकांचं बघा. ती गाडीच्या अंगाशी पक्की बसवलेली, स्वतःहून वळत नाहीत. मग त्यांना तिरपं जायचं कसं? सगळी गाडीच तिरपी झाली तर. म्हणजे शेपटी बाहेर सरकली तर. कमी वेगात मागचं चाक आत येतं, कोपरा कापतं. वेग वाढेल तसं ते आत येणं कमी होत जातं, एका विशिष्ट वेगाला मागचं चाक बरोबर पुढच्याच्या रेघेवर येतं, आणि त्यापुढे शेपटी बाहेर, बाहेर जायला लागते. ज्या दिवशी हे मला नीट दिसलं त्या दिवशी ते कोडं सुटलं. कमी वेगात शेपटी आत येते, म्हणून मागची चाकं उलट वळवून तिला बाहेर न्यायचं. जास्त वेगात शेपटी बाहेर जाते, म्हणून मागची चाकं त्याच दिशेला वळवून तिला आत ठेवायचं. चाकं दोन वेळा दोन दिशांना वळतात, पण काम दोन्ही वेळा एकच करतात. मागच्याला पुढच्याच्या वाटेवर ठेवतात.

मोठ्या गाडीत यात आणखी एक अडचण मिसळते: उशीर. पुढची चाकं वळली की पुढे बल तयार होतं, त्याने गाडीचं अंग फिरू लागतं, अंग फिरल्यावर मागचे टायर तिरपे होतात, आणि मग कुठे मागून बल मिळायला सुरुवात होते. मागच्या चाकांना वळणाची बातमी गाडीच्या अंगातून पोहोचते. अंग जितकं लांब आणि जड तितकी बातमी उशिरा. सारख्याच जाडीची वस्तू दुप्पट लांब केली तर वजन दुप्पट होतं, पण तिला फिरवायला होणारा विरोध आठपट. वाड्याच्या बोळात शिडी घेऊन वळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ती वळायलाही वेळ घेते आणि वळू लागली की थांबायलाही. महामार्गावर ट्रकने झटकन लेन बदलली की आधी नाक जातं, मग शेपटी जाते, आणि नाक सरळ झाल्यावरही शेपटी अजून जातच असते. मागच्या चाकांना त्याच क्षणी, त्याच दिशेला अंशभर वळवलं तर दोन्हीकडून बल एकदम मिळतं. गाडी फिरत नाही, बाजूला सरकते.

१९८७ साली होंडाने प्रिल्यूड या मोटारीत हे केलं, तेही संगणकाशिवाय, नुसत्या दांड्या आणि गिअर वापरून. स्टिअरिंग थोडं फिरवलं की मागची चाकं पुढच्यांच्या दिशेला वळत. तेच स्टिअरिंग पुष्कळ फिरवलं की आधी सरळ होऊन मग उलट दिशेला. वेग मोजायचं साधनच त्या जोडणीत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. वेगात कुणी स्टिअरिंग पुष्कळ फिरवत नाही, आणि गाडी लावताना कुणी थोडं फिरवत नाही. माणसाच्या हाताच्या सवयीतच वेग लिहिलेला आहे हे ज्याला सुचलं त्या इंजिनिअरला मी मनापासून नमस्कार करते.

मोठ्या गाड्यांत जनरल मोटर्सने २००२ च्या सुमारास आपल्या पिकअप ट्रकना असं स्टिअरिंग दिलं. वळण सुमारे एक पंचमांशाने लहान झालं, मागे ट्रेलर जोडून महामार्गावर जाणं शांत झालं. पण किंमत जास्त, घेणारे थोडे, आणि २००५ मध्ये ते बंद झालं. मला याचं वाईट वाटतं. आपल्याकडच्या ट्रक-बसमध्ये ते लवकर येईल असंही मला वाटत नाही. मागच्या आसावर ओझ्याचा मोठा भाग असतो, तिथे आणखी सांधे, आणखी तेलाचे पंप, आणखी बिघाडाच्या जागा. आणि मागच्या चाकांच्या यंत्रणेत वेगात असताना बिघाड झाला तर काय, या प्रश्नाचं उत्तर देता आल्याशिवाय ती रस्त्यावर आणूही नये. शिवाय काही गोष्टी तिच्याही हातात नाहीत. ओल्या रस्त्यावर टायरची पकड जेवढी तेवढीच. चाकं कशीही वळवा, पकड नवी तयार होत नाही. भरलेला ट्रक उंच असतो, आणि तो उलटायचा तर त्याच्या रुंदीच्या आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या हिशोबाने उलटतो. तो हिशोब मागच्या चाकांना बदलता येत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या वळणाशी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. पाऊस नुकताच संपलेला, दरीच्या बाजूची पट्टी अजून ओली, तांबडी. आबांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं त्यांना पाय मोकळे करायचे असतील. ते थेट कडेला गेले आणि काठीवर भार देत खाली वाकले. चिखलात पुलरच्या रुंद टायरांचा ठसा होता, वळणाच्या आतल्या अंगाला. त्याच्या दरीकडच्या बाजूला, वीतभर अंतरावर, बारक्या टायरांचा दुसरा ठसा. तो पुढच्यापेक्षा बाहेरून गेला होता.

मी काही सांगायच्या आधीच आबा काठीचं टोक आधी आतल्या ठशावर आणि मग बाहेरच्या ठशावर टेकवत म्हणाले, "ह्यो पुढला. आणि ह्यो मागला." मग पेठेतल्या त्या कोपऱ्याचं नाव घेतलं, आणि विचारलं, "तवा आमच्या गाडीला असतं हे, तर कितीनं चुकलं असतं गं चाक?"

गाडीच्या मागच्या काचेवर धूळ होती. तिच्यावर बोटाने मी बस काढली, तिवडा काढला, मागच्या चाकांना दहा अंश दिले आणि आकडे मांडले. आबा चष्मा पुसून बघत राहिले.

"एक हात," मी म्हटलं. "त्याहून थोडं जास्तच."

"सायकल एका हाताची नसती," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण हँडल असतं."